खंडेनवमीची आंघोळ

मित्रांनो, मला चार चाकं आहेत पण मोटारीसारखं छप्पर नाही. हँडल फटफटीचं आहे, पण तोल सांभाळायची कटकट नाही. कागदोपत्री मी क्वाड बाईक आहे. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरांचा पाडा आहे, तिथली सरू मात्र मला रेडा म्हणते. माझं तोंड बसकं, पुढची लोखंडी जाळी शिंगांसारखी बाहेर आलेली, आणि चिखल दिसला की मी थांबत नाही, आत घुसतो. सरूने एकदाच बघितलं आणि नाव ठेवलं. मला ते कागदावरच्या नावापेक्षा आवडतं.

माझं वय तेरा. माणसाला हे शाळेचं वय. यंत्राला हे भंगारवाला ओळखीचं हसायला लागतो ते वय.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासोबत एक जाडजूड पुस्तक होतं. किती तास चाललो की ऑइल बदलायचं, हवेचा फिल्टर कधी धुवायचा, कुठल्या सांध्यात ग्रीस भरायचं, सगळं त्यात चित्रांसकट लिहिलेलं होतं. मला वाटलं, ज्याच्या हाती हे पुस्तक पडेल तो मला सांभाळेल. किती भाबडं असतं नवं यंत्र! वांगणीजवळच्या एका फार्महाऊसने मला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात ते पुस्तक डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली गेलं.

तिथे शनिवार-रविवारची माणसं यायची. मी ओझं वाहायला बनवलेलं जनावर, त्यांनी माझा आकाशपाळणा केला. तिघे-तिघे बसायचे, आरडाओरडा करत आंब्याच्या बागेत गोल गोल फिरवायचे, फोटो काढायचे आणि उन्हात टाकून जायचे. तीन वर्षं माझं ऑइल कोणी बदललं नाही. ते डांबरासारखं काळं आणि घट्ट झालं. सोमवारी मात्र मला पुसून चकचकीत करायचे, कारण शनिवारी पुन्हा फोटो निघायचे. जे फोटोत दिसत नाही ते नसतंच, असं मानणारी माणसं मी तिथे पहिल्यांदा बघितली. नंतर कळलं की अशी माणसं सगळीकडे आहेत, काही तर निवडूनही येतात.

एका रविवारी मी बंद पडलो. मग पाच पावसाळे ताडपत्रीखाली. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या.

तिथून मला हरिचंद्रशेठनी भंगाराच्या भावात उचललं. हे बदलापूरचे आगरी शेतकरी. आजूबाजूला जमिनी विकून इमारती उठल्या, पण धरणाच्या वाटेवरची आपली वाडी त्यांनी ठेवली. भात, थोडे आंबे, आणि फुलझाडांच्या रोपांची नर्सरी. रोपांचे ट्रे चिखलातून वाहायला त्यांना मी हवा होतो. टेम्पोत घालून त्यांनी मला अंबरनाथला, बुवापाड्यात भीमरावांच्या दारात नेऊन टाकलं.

भीमराव तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर घरासमोर पत्र्याची शेड टाकून बसलेले. त्यांनी माझं इंजिन उघडलं आणि बराच वेळ शिव्या घातल्या. त्या मला नव्हत्या. मग हात पुसत म्हणाले, “शेठ, ही गाडी खराब झालेली नाही. हिला उपाशी मारलंय.”

महिनाभर त्यांनी माझ्यावर काम केलं. हवेच्या फिल्टरचा स्पंज मिळेना, तेव्हा कोणीतरी सुचवलं की उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून सोफ्याचा फोम आणा आणि कापून घाला. भीमराव त्याच्यावर असे उखडले की तो माणूस चहा अर्धा टाकून उठला. सोफ्यावर माणूस बसतो, यातून इंजिन श्वास घेतं, एवढंही कळू नये? अखेर उल्हासनगरच्याच एका सिंधी दुकानदाराने गोदाम पालथं घालून योग्य जातीचा स्पंज काढून दिला. मी पुन्हा श्वास घेतला.

आणि मग माझ्या आयुष्यात गोमा आला.

गोमा सरूचा नवरा. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. हरिचंद्रशेठच्या वाडीत वीस वर्षं कामाला. त्याने तोवर बैल सोडून काही हाकलं नव्हतं. भीमरावांनी त्याला आठ दिवस समोर बसवून शिकवलं. दर शनिवारी काय करायचं त्याची यादी कागदावर लिहून दिली. गोमा कागद उलटासुलटा करत म्हणाला, “वाचता येत नाय, दादा.” भीमरावांनी कागद परत घेऊन खिशात घातला. मग म्हणाले, “बरं झालं. वाचता येणाऱ्यांनीच हिची ही दशा केलीय. तू बघून लक्षात ठेव.”

गोमाने बघितलं आणि सरूला सांगितलं. लग्नात भिंतीवर देवाचा चौक लिहायला पाड्यावर सरूलाच बोलावतात. तिने वाडीच्या शेडमधली भिंत गेरूने सारवली आणि तांदळाच्या पिठाने माझं सगळं काम तिच्यावर काढलं. चार चाकं, म्हणजे हवा बघ. थेंब, म्हणजे ऑइलची पट्टी काढून बघ. चांदण्यांसारखे ठिपके, म्हणजे इथे इथे ग्रीस भर. सगळ्यात खाली एक शेपूट काढलं होतं, त्यातून पाणी गळतंय. त्याचा अर्थ सांगतो, कारण माझी गोष्ट त्या शेपटावरच अडते. माझ्या सीटखाली हवेची पेटी आहे. इंजिनाला जाणारी हवा आधी तिथे येते. ओढ्यातून गेलो, चिखलात बुडलो, की थोडं पाणी त्या पेटीत शिरतं. ते काढायला पेटीच्या तळाला बोटभर लांबीची रबरी नळी आहे. चिमटीत दाबली की पाणी बाहेर. अर्ध्या मिनिटाचं काम. दर शनिवारी गोमा हे काम शेवटी करायचा आणि मग माझ्या टाकीवर एक थाप मारायचा. पाच वर्षांत त्याने एकही शनिवार सोडला नाही.

त्याला एवढी काळजी का होती, ते ऐका.

वाडीपासून पाडा तीन किलोमीटर वर आहे. मधे ओढा, मग अंगावर येणारा चढ. या पाड्याच्या पायथ्याचं धरणाचं पाणी नळातून शहरांना जातं. पाड्याला रस्ता नाही. रस्त्याची मोजणी चार वेळा झाली आहे, खडी एकदाही पडलेली नाही. गोमाची धाकटी बहीण रखमा बाळंतपणात अडली तेव्हा चौघांनी तिला चादरीच्या झोळीत घालून, बांबूला बांधून खाली आणायला घेतलं. बांबूच्या एका टोकाखाली गोमाचा खांदा होता. त्या चढावरच ती गेली. बाळही. गोमा हे कोणाला सांगत नाही. मला मात्र माहीत आहे, कारण त्या जागी आला की तो पाच वर्षं न चुकता ॲक्सिलरेटर हलका करायचा.

म्हणून आजारी माणूस असो की रेशनची पोती, पाड्याचं सगळं मी वाहू लागलो. हरिचंद्रशेठनी कधी अडवलं नाही. माझ्यामागे रोपांची ट्रॉली जोडायची, तिच्यात भाताचा पेंढा पसरायचा, वर गोधडी. डांबरी रस्त्यापर्यंत मी, पुढे ॲम्ब्युलन्स.

यंदा गोमाची मुलगी हर्षदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा चेतन उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. दवाखाना त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर. तो पाठवायला तयार नव्हता. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात सरू कोणाचं ऐकणार नव्हती. शेवटी ठरलं की दिवस भरायच्या आधी आठवडाभर हर्षदाला खाली वाडीत, हरिचंद्रशेठच्या आई गोदूबाईंजवळ आणून ठेवायचं. तरी चेतनचा जीव राहिना. त्याने मला चारही बाजूंनी बघितलं आणि सासऱ्याला विचारलं, “मामा, ही ऐन वेळेला स्टार्ट नाही झाली तर?”

“होईल,” गोमा म्हणाला. “ही माझ्या हातातली हाय.”

एवढा मोठा शब्द माझ्याबद्दल कोणी दिला नव्हता. रखमाच्या वेळी जे झालं ते हर्षदाच्या वेळी होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात होती, आणि ती त्याने माझ्यावर ठेवली होती.

नवरात्र आलं. हरिचंद्रशेठचा मुलगा अमित खंडेनवमीची तयारी करायला वाडीवर आला. अमित वाईट मुलगा नाही. मनाने मोकळा, हाताला सढळ, फक्त प्रत्येक गोष्टीचं तोंड बघतो, पोट बघत नाही. खंडेनवमीला वाडीतली सगळी हत्यारं पुजतात. कोयते, फावडी, पंप, ट्रॅक्टर आणि मी. अमितला मी मळकट दिसलो. गोमा शेताच्या दुसऱ्या टोकाला होता. अमित मला घेऊन थेट बदलापूरच्या एका वॉशिंग सेंटरवर गेला आणि सांगितलं, प्रेशरने मारा, कोपरानकोपरा.

मित्रांनो, ती आंघोळ मी विसरणार नाही. भाल्यासारखं पाणी. माझ्या सांध्यांतलं ग्रीस वाहून गेलं. सीटखालून पाणी हवेच्या पेटीत घुसलं आणि तिथेच साचलं. सपाट डांबरावरून वाडीला परतताना मला काही झालं नाही, कारण पेटीतलं पाणी तळाशी गप्प बसून होतं. अमितने मला शेडमध्ये लावलं आणि गोमाला म्हणाला, “काका, टेन्शनच नको. फुल सर्व्हिसिंग करून आणली. एकदम मक्खन.”

गोमाने माझ्याकडे बघितलं. त्याचा हात सीटखाली निघाला होता. पण तेवढ्यात झेंडूची पोती उतरवायला हाक आली, तो गेला. सकाळी बघू म्हणाला असेल. सकाळी तो डोंगर उतरून येईतो पूजा झाली होती. माझ्या कपाळी हळदकुंकू, हँडलला झेंडूचा जाड हार, टाकीवर सुपारी आणि एक नाणं. आणि पुजलेल्या हत्याराला दसरा संपेपर्यंत हात लावायचा नाही, ही रीत. गोमाने रीत पाळली. शनिवार होता. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याखाली हात घातला नाही, माझ्यासमोर हात जोडले.

बघा हं, मला फुलांचा राग नाही. माझ्यासमोर इतक्या मायेने कोणी हात जोडले तर मलाही गलबलतं. पण नमस्काराने पाणी बाहेर येत नाही.

दहाच्या सुमाराला सरूचा फोन आला. हर्षदाला कळा सुरू झाल्या होत्या. दोन आठवडे आधीच. पाणीही गेलं होतं.

गोमा माझ्याकडे धावत आला आणि दोन पावलांवर थबकला. अमित गोंधळून म्हणाला, आत्ताच पूजा झालीय, दुसरी एखादी गाडी बोलावू का? दुसरी कुठली गाडी तो चढ चढते, ते मात्र त्याला सांगता येईना. तोवर ओट्यावरून गोदूबाई उठल्या. ऐंशीच्या म्हातारीने येऊन माझ्यावरची सुपारी उचलून पदराला बांधली.

“निंग तू गोमा,” त्या म्हणाल्या. “पोर अडलीय तिथं, नि तू इथं रीत बघतंस? देवीचं मी बघतंय.”

गोमाने ट्रॉली जोडली, किक न मारता सेल्फचं बटण दाबलं, मी सुरू झालो. हारासकट निघालो. रोज निघायच्या आधी तो चाकं दाबून बघायचा, ब्रेक दाबून बघायचा. त्या दिवशी तेही नाही. त्याला दोष देऊ नका. मुलगी कळा देत असताना कुठला बाप चाकं दाबेल?

ओढा नीट ओलांडला. चढ सुरू झाला. माझं तोंड वर झालं, पाठ खाली झाली, आणि पेटीत गप्प बसलेलं पाणी एकदम मागे सरकून इंजिनाच्या नरड्याशी आलं. मी ठसकलो. पुन्हा ठसकलो. आणि बंद पडलो.

गोमाने बटण दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. नाही. बॅटरीचा आवाज खोल जायला लागला. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला, पण यंत्राला जीव तोडता येत नाही. हवा मिळाली तर चालतं, नाही तर नाही. ही ती जागा होती. इथेच त्याचा खांदा बांबूखाली होता.

तेवढ्यात मागून अमित धापा टाकत आला. ओढ्यापर्यंत मोटारसायकलवर, पुढे पायी. त्याने बटणाकडे हात नेला तर गोमाने तो झटकला. बॅटरी गेली तर सगळं गेलं, हे त्याला उमगलं होतं. तो खाली उतरला. हार उपटून झुडपावर फेकला. आणि माझ्यासमोर उकिडवा बसला, जसा शनिवारी बसतो. पुढच्या चाकापासून सुरुवात केली. एवढ्या घाईत हे बघून कोणी त्याला वेडा म्हटलं असतं. पण त्याच्या हातांना सरूची भिंत पाठ होती आणि डोकं त्या क्षणी कामाचं राहिलं नव्हतं, म्हणून त्याने हातांना जाऊ दिलं. चाक, थेंब, ठिपके. मग त्याची बोटं सीटखाली गेली आणि नळी चिमटीत आली.

भसकन पाणी आलं. शांपूचा फेस आणि गुलाबाचा वास असलेलं पाणी.

अमित ते बघत उभा राहिला. बराच वेळ येत राहिलं ते. त्याचा चेहरा मला दिसत होता आणि मला त्याची दया आली.

गोमाने फिल्टर काढला, स्पंज पिळला, आपल्या बनियनमध्ये गुंडाळून दाबून दाबून कोरडा केला. टाकीच्या खाचेत अडकलेलं पूजेचं नाणं घेतलं, ते कार्बोरेटरच्या तळाच्या स्क्रूत घालून फिरवलं आणि तिथलं पाणी मिसळलेलं पेट्रोल मातीत सोडलं. सगळं परत जोडलं. मग अमितला विचारलं, “ढकलशील?”

“काका, मी…”

“नंतर बोल. आता ढकल.”

अमितने पाठ लावली. नवा झब्बा चिखलात गेला. मी एकदा खोकलो, दुसऱ्यांदा काळा धूर सोडला, आणि तिसऱ्यांदा धरलं.

पाड्यावर हर्षदा दारातच बसली होती, सरूच्या खांद्याला दातांनी धरून. तिला पेंढ्यावर निजवलं. सरू शेजारी बसली. उतरताना मी आयुष्यात चाललो नसेन इतका सावकाश चाललो. आठवड्यापूर्वीच ताणून बसवलेली ब्रेकची केबल होती, तिने एकदाही दगा दिला नाही. अमित ट्रॉली मागून धरून चालत होता, दगड आला की उचलून धरत होता. गोमाने रखमाच्या जागेवर या वेळी ॲक्सिलरेटर हलका केला नाही. बघितलंसुद्धा नाही.

डांबरावर ॲम्ब्युलन्स उभी होती. मुलगी झाली, बदलापूरच्या अलीकडे, गाडीतच. दोघी बऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी दसरा. पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही तो दिवस. भीमरावांना फोन गेला, ते आले, आणि गोमाने मला शेडबाहेर उन्हात घेऊन पूर्ण उघडलं. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल चहासारखं दिसलं, त्यातही पाणी गेलं होतं. भीमरावांनी अमितला समोर उभं करून असं काही सुनावलं की हरिचंद्रशेठ मुद्दाम गोठ्याकडे निघून गेले. माणूस आजारी पडला की त्याला तेल-पावडर लावून बसवतोस का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. अमित खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने बाह्या वर केल्या आणि ग्रीसगन हातात घेतली. ग्रीस भरायचं पहिलं तोंड, म्हणजे निपल, त्याला सापडेना. गोमाने त्याचं मनगट धरून बोट तिथे नेऊन ठेवलं. तेवढाच काय तो त्याचा राग.

पण मी काय, तेरा वर्षांचा. त्या एका दिवसाने माझं वय वाढवलं. आता थंड असताना मी निळसर धूर सोडतो. भीमराव कान लावून ऐकतात आणि ऑइलची पट्टी पुन्हा काढून बघतात.

दिवाळीच्या आधी पाड्याच्या पायथ्याशी एक पुढारी आले. बातमी त्यांच्या कानावर गेली होती. गोमाला शाल, मला हार, आणि मागे त्यांच्याच फोटोचं बॅनर. भाषणात ते म्हणाले की हे वाहन म्हणजे या डोंगराची शान आहे. माणसं टाळ्या वाजवत होती. सरू नातीला खांद्यावर घेऊन पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, ती सरळ विचारायला आली होती.

“साहेब, रेडा म्हातारा झालाय. रस्ता कवा येनार?”

साहेबांनी बाळाच्या गालाला हात लावला, नाव विचारलं आणि गाडीत बसले.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेतात, दुकानात जे यंत्र आहे त्याला पुजा, मला आनंद आहे. पण आधी त्याच्याखाली वाका. बोटं काळी होऊ द्या. ज्या दिवशी काही बिघडलेलं नाही त्या दिवशी त्याच्याजवळ बसा, कारण बिघडल्यावर तर कोणीही बसतं. आणि एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. मी शान नाही. कळा देणाऱ्या बाईला रोपांच्या ट्रॉलीत, पेंढ्यावर निजवून न्यावं लागतं, यात कसली शान? मला नीट ठेवा आणि माझं हे काम माझ्याकडून काढून घ्या. मला रोपं वाहू द्या.

गोमा आज सकाळीही आला होता. चाकं दाबली, पट्टी बघितली, नळी चिमटीत धरली. आता अमितही येतो, न बोलावता. मी सुरू होतो, थोडा धूर सोडतो आणि उभा राहतो.

पाड्यात सध्या तिघी जणी गरोदर आहेत.